भंगार आणि भांगर : घरोघरच्या काचेचा विचार



ज्या गुरुजींच्या पुण्यस्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्यासमोर बसून अक्षरे गिरवलेल्या पिढीतील मी एक आहे. त्यामुळे या व्यासपीठावर उभे राहताना बहुमानापेक्षा संकोचच अधिक वाटतो. संयोजकांनी विषयाचे स्वातंत्र्य दिले आणि मी त्यांना ‘काच’ असा दोन अक्षरी विषय कळवला, तेव्हा त्यांना थोडे आश्चर्य वाटले असावे. मराठीच्या प्राध्यापिकेने संतवाङ्मयावर बोलावे, फार तर कादंबरीवर बोलावे. रिकाम्या बाटल्यांशी तिचा संबंध काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु आयुष्यभर शब्दांची सोबत केलेल्या माणसाला वस्तूंकडे पाठ फिरवता येत नाही. वस्तू जपल्या जातात तेव्हा शब्द जपले जातात, आणि वस्तू फेकल्या जाऊ लागल्या की भाषेतील शहाणपणही त्यांच्याबरोबर उकिरड्यावर जाते.

मला जे सुचवायचे आहे ते आरंभीच स्पष्ट सांगते. आपल्या गावातील प्रत्येक घरातून रिकाम्या काचेच्या बाटल्या आणि बरण्या ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या हातांनी गोळा केल्या जाव्यात, अशी व्यवस्था येथे सुरू व्हावी. काच ही मुळात कचरा नव्हेच. तिची परतीची वाट तुटते, तेव्हा तिचा कचरा होतो. ही वाट पुन्हा कशी बांधता येईल, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय.

शब्दांची साक्ष

‘काच’ हा शब्द संस्कृतातून आलेला. मराठीत मात्र याच रूपाचा आणखी एक शब्द नांदतो. दोरीचा काच, सासुरवासाचा काच, मनाला लागून राहिलेला काच. भाषाशास्त्र या दोन शब्दांचे नाते मान्य करो वा न करो, व्यवहाराने ते जोडून दिले आहे. एकाने बेफिकिरीने टाकलेली काच दुसऱ्याच्या जिवाला काच होऊन बसते.

‘शिशी’ आणि ‘तावदान’ या शब्दांमागे फारसी आहे. ‘बाटली’ युरोपीय लोकांच्या सहवासातून आली. आपल्या गोव्यात फेणी साठवण्याच्या मोठ्या काचेच्या बुधल्याला आपण ‘गर्राफांव’ म्हणतो, तो थेट पोर्तुगीजांचा वारसा. म्हणजे काच जशी समुद्रमार्गाने व खुष्कीच्या मार्गाने आपल्याकडे आली, तसे तिचे शब्दही आले. त्याआधीच्या आपल्या घरांना प्रकाश हवा असे तेव्हा तो शिंपल्यांतून येत असे. गोव्यातील जुन्या वाड्यांच्या खिडक्यांत चौकोनी कापलेले, अर्धपारदर्शक शिंपले आजही लाकडी चौकटीत बसवलेले दिसतात. समुद्राने दिलेल्या त्या तावदानांतून उन्हाचा ताप निवून उजेड आत येई.

स्त्रियांच्या बोलीने तर काचेला फार कोवळेपणाने वागवले. काकण फुटले असे घरातील वडीलधारी बाई म्हणू देत नसे. काकण ‘वाढले’ असे म्हणायचे. नारळही आपण वाढवतो, फोडत नाही. फुटण्यात अशुभ आहे आणि फुटलेल्या वस्तूविषयी आपली काही जबाबदारी आहे, ही जाणीव त्या एका क्रियापदात साठलेली आहे. वाढलेल्या काकणाचे तुकडे वाटेवर पडू देत नसत. ते वेचून, कोणाचा पाय पडणार नाही अशा जागी नेऊन टाकत. नागरिकशास्त्राच्या पुस्तकाची वाट न पाहता भाषेने दिलेले हे शिक्षण होते.

आणि आता व्याख्यानाच्या शीर्षकाकडे येते. आपण पेडणेकर घरात कोंकणी बोलतो, शाळेत मराठी लिहितो. कोंकणीत ‘भांगर’ म्हणजे सोने. मराठीत ‘भंगार’ म्हणजे मोडीत काढलेली वस्तू. अनुस्वार तोच, व्यंजने तीच. एका काना मात्रेची जागा बदलली की सोन्याची मोड होते आणि मोडीचे सोने होते. काचेच्या बाबतीत हा काना आपण कोठे लावणार, हे पूर्णपणे आपल्या हाती आहे.

बाटली परत जात होती

आपल्यातील साठी ओलांडलेल्यांना आठवेल की आपल्या बालपणी घरात रिकामी बाटली ‘टाकणे’ ही कल्पनाच नव्हती. बाटलीत खोबरेल असे, आगळ असे, मध असे, काजूच्या हंगामात फेणी असे. मोठ्या तोंडाची बरणी मिसकुटासाठी राखलेली असे. औषधाची लहान शिशी धुऊन, टोपणाला भोक पाडून, वात ओवून तिची चिमणी होई. तिच्या धुरकट उजेडात कित्येकांनी पाढे पाठ केले. ज्यांच्या घरी कंदील होता ते भाग्यवान. कराडजवळच्या ओगलेवाडीच्या ओगले काच कारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील मराठी मुलुखात घरोघर पोहोचला होता. त्याची काच रोज तिन्हीसांजेला राखेने पुसणे हे घरातील मुलांचे काम. ती काच फुटली तर त्या रात्री अभ्यास नाही, इतके तिचे मोल होते.

शिक्षणासाठी मी मुंबईस गेले तेव्हा याच वृत्तीचे नागरी रूप पाहिले. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या आरे वसाहतीचे दूध तेव्हा काचेच्या बाटल्यांतून येत असे. पहाटे केंद्रावर रांग लागे. हातात दुधाचे कार्ड आणि कालच्या धुतलेल्या रिकाम्या बाटल्या. रिकामी द्यायची आणि भरलेली घ्यायची. बाटली पुन्हा दुग्धशाळेत जाई, निर्जंतुक होई आणि परत येई. लक्षावधी घरांचा हा व्यवहार रोज सूर्योदयापूर्वी पुरा होत असे आणि त्याला कोणी पर्यावरणरक्षण म्हणत नसे. तो साधा संसार होता.

सोड्याची गोटीची बाटलीही तशीच. हायरम कॉड या इंग्रज गृहस्थाने १८७२ मध्ये तिचे पेटंट घेतले. मानेत अडकलेल्या गोटीचा मोह प्रत्येक पोराला असे, परंतु दुकानदार ती बाटली नजरेआड होऊ देत नसे. सोडा त्याच्यासमोर प्यायचा आणि बाटली त्याच्या हाती द्यायची. वस्तू विकावी आणि पात्र परत घ्यावे, हा त्या व्यापाराचा नियमच होता.

रिकाम्या बाटलीच्या धंद्याला कमीपणाही चिकटलेला नव्हता. मुंबईतील जे. जे. रुग्णालय आणि जे. जे. कलाशाळा ज्यांच्या नावाने ओळखल्या जातात, ते जमशेटजी जीजीभाई (१७८३–१८५९) तरुणपणी आपल्या नातलगाच्या, फ्रामजी नसरवानजी बाटलीवालांच्या, जुन्या बाटल्यांच्या व्यापारात उमेदवारी करीत होते. पुढे त्यांची अफाट संपत्ती चीनच्या व्यापारातून, कापूस आणि अफू यांतून उभी राहिली हे खरे आणि ते लपवण्याचे कारण नाही. परंतु पहिली पायरी रिकाम्या बाटलीची होती. ‘बाटलीवाला’ हे आडनाव पारशी समाजाने अभिमानाने मिरवले.

मराठी माणसाचा काचेशी आणखी एक स्मरणीय संबंध आहे, तो तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्याचा. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून वर्षाला एक पैसा गोळा करून देशी उद्योग उभारण्याची कल्पना मांडली. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि १९०८ मध्ये तळेगाव येथे काचेचा कारखाना सुरू झाला. त्यात ईश्वरदास वार्ष्णेय यांच्यासारख्या तंत्रज्ञाने तरुणांना काचेचे काम शिकवले. मला त्या कारखान्यापेक्षाही त्याच्या मुळाशी असलेली पद्धत मोलाची वाटते. दारोदार जायचे, प्रत्येकाकडून अगदी थोडे घ्यायचे आणि ते नेमाने घ्यायचे. एक पैसा कोणालाच जड नव्हता. तो नेमाने गोळा करण्याचे काम मात्र जड होते. घरोघरच्या काचेचा प्रश्नही नेमका तसाच आहे.

वाट कोठे तुटली

मग बिघडले कोठे? माणसे एकाएकी वाईट झाली, असे मी मानत नाही. व्यवस्था बदलली. दूध पिशवीत आले, तेल प्लास्टिकच्या डब्यात आले आणि घरातील बाटलीचे दुसरे आयुष्य संपले. उरली ती दारूची, सॉसची, लोणच्याची, जॅमची, कॉफीची काच. त्यातही बिअरच्या बाटलीचा आकार बहुधा सारखा असल्याने ती पुन्हा भरण्यासाठी परत घेतली जाते. इतर मद्यांच्या बाटल्या नाना आकारांच्या, त्यांना पुन्हा भरणारा कोणी नाही.

भंगारवाल्याकडे पाहा. तो आपला शत्रू नव्हे, परंतु त्याचे गणित त्याला चुकवता येत नाही. तांबे, पितळ, लोखंड यांना भाव आहे. पुठ्ठा हलका आहे. काच मात्र जड, ठिसूळ आणि स्वस्त. एक रिकामी मोठी बिअरची बाटली सुमारे अर्धा किलो भरते. म्हणजे शंभर बाटल्यांचे ओझे अर्धा क्विंटल झाले. ते केरीहून काच वितळवणाऱ्या दूरच्या भट्ट्यांपर्यंत न्यायचे तर वाहतुकीतच मिळकत संपते. म्हणून तो पत्रा उचलतो आणि काच मागे ठेवतो.

त्यात आपला किनारा. हरमल, मांद्रे, मोरजी येथवर आलेली पर्यटनाची लाट केरीच्या सुरूच्या बनापर्यंत पोहोचून बरीच वर्षे झाली. २०२३ च्या जानेवारीत मोपा विमानतळ सुरू झाल्यावर तिला आणखी बळ आले. किनाऱ्यावर मद्यपानास आणि बाटल्या फोडण्यास आळा घालण्यासाठी गोवा विधानसभेने २०१९ मध्ये पर्यटनस्थळांविषयीच्या कायद्यात दुरुस्ती करून दंडाची तरतूद केली. कायदा आवश्यकच आहे. परंतु कायदा टाकणाऱ्याचा हात धरतो. ज्याला टाकायचे नाही त्याने काच कोठे द्यावी, हे तो सांगत नाही.

याचा भार कोणावर पडतो? ज्याच्या पायात चप्पल नाही त्याच्यावर. रापण ओढणारा मच्छीमार अनवाणी असतो. ओहोटीच्या वेळी तिसऱ्या आणि कालवे काढणारी बाई चिखलात उघड्या पायांनी उतरते. भाताची लावणी बुटांनी होत नाही. रस्त्यालगतच्या शेतात रात्री भिरकावलेली बाटली पावसात चिखलाखाली जाते आणि लावणीच्या दिवशी पायाच्या तळव्याला सापडते. किनारी गोव्यातील शेतकऱ्यांनी शेते पडीक टाकण्याची जी कारणे सांगितली, त्यांत फुटक्या काचेची भीतीही आहे. शिगम्याच्या मांडावर आपण पादत्राणे काढून उतरतो, कारण ती भूमी पवित्र. ज्या संस्कृतीत जमिनीला अनवाणी स्पर्श करणे हा आदर आहे, तिथे जमिनीत काच असणे हा केवळ आरोग्याचा प्रश्न राहत नाही.

काचेचा स्वभाव

काच म्हणजे मुख्यत्वे वाळू. सिलिका असलेली शुभ्र वाळू, सोडा आणि चुनखडी यांचे मिश्रण सुमारे १५०० अंश सेल्सिअस तापमानाला वितळवून बाटलीची काच होते. अशी वाळू आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गात, कणकवली तालुक्यातील कासार्डे परिसरात, जमिनीतून काढली जाते. तेथील डोंगरउतार ज्यांनी पाहिले आहेत त्यांना बाटलीची खरी किंमत वेगळी सांगावी लागणार नाही.

या पदार्थाचा मोठा गुण असा की तो वितळवून पुन्हा घडवला तरी त्याची प्रत उतरत नाही. कागदाचा तंतू प्रत्येक फेरीत आखूड होतो, प्लास्टिक हिणकस होत जाते. काच मात्र कितीही वेळा भट्टीत गेली तरी काचच राहते. भट्टीत कच्च्या मालाबरोबर जुन्या काचेचा चुरा घातला तर तो लवकर वितळतो. चुऱ्याचे प्रमाण दहा टक्क्यांनी वाढवले की सुमारे अडीच ते तीन टक्के ऊर्जा वाचते, आणि एक किलो चुरा सुमारे १.२ किलो कच्च्या मालाची जागा घेतो. आणि वितळवण्याहूनही उत्तम गोष्ट म्हणजे अखंड बाटली धुऊन पुन्हा भरणे. त्यात भट्टीच लागत नाही. म्हणूनच पहिला नियम असा की बाटली फोडू नये. अखंड आहे तोवर ती वस्तू आहे. फुटली की ते शस्त्र होते.

व्यवस्था कशी असावी

घरोघरून गोळा करण्याची कल्पना आपल्या परिसराला नवी नाही. पणजी शहराने २००३ मध्ये रस्त्यावरच्या कचराकुंड्या हटवून दारातून कचरा उचलण्याची मोहीम हाती घेतली. पलीकडच्या तीरावरील वेंगुर्ले नगरपरिषदेने कचऱ्याचे अनेक प्रकारांत वर्गीकरण करून आपल्या कचराडेपोला ‘स्वच्छ भारत पर्यटन स्थळ’ असे रूप दिले. लोक तो डेपो पाहण्यास जाऊ लागले. तेरेखोलची खाडी ओलांडली की हा धडा आपल्या शेजारीच आहे.

पुण्याचे उदाहरण मला विशेष जिव्हाळ्याचे वाटते. १९९३ मध्ये तेथे कचरावेचकांची संघटना स्थापन झाली, तिचे नावच ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. डॉ. बाबा आढाव यांच्यासारख्यांचे मार्गदर्शन तिला लाभले. पुढे तिच्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिने पुणे महानगरपालिकेशी घरोघरच्या संकलनाचा करार केला. उकिरड्यावर काच वेचणारी बाई ओळखपत्र घेऊन दाराशी येऊ लागली. काच तीच होती, हातही तेच होते. बदलली ती प्रतिष्ठा आणि हाताची सुरक्षितता.

आता केरीसाठी मला सुचते ते क्रमाने मांडते.

पहिली गोष्ट, वार. ओला कचरा रोज उचलावा लागतो, कारण तो कुजतो. काच कुजत नाही, तिला वास येत नाही. म्हणून महिन्यातून एकच दिवस पुरे. उदाहरणार्थ प्रत्येक महिन्याचा पहिला रविवार हा ‘काचेचा रविवार’ ठरावा. दिवस कधीही चुकू नये. दोनदा गाडी आली नाही की तिसऱ्यांदा बाटली पुन्हा झुडपात जाते.

दुसरी, तयारी. बाटली विसळावी, टोपण काढावे, पाणी पूर्ण निथळू द्यावे. पावसाळ्यात अंगणात पडलेल्या बाटलीत साचलेले पाणी हे डासांचे माहेरघर, आणि डेंग्यूची ओळख आता आपणा सर्वांना आहे. काच उंबऱ्याजवळ जाड गोणीत उभी ठेवावी. चुकून फुटलेली काच वर्तमानपत्रात गुंडाळून, वर ‘फुटकी काच’ असे ठळक लिहून, वेगळी द्यावी. हे दोन शब्द लिहिण्याइतकी साक्षरता तरी शंभर टक्के असावी.

तिसरी, निवड. बाटल्या आणि बरण्या एवढेच घ्यावे. आरसा, खिडकीची काच, भट्टीत चालणारी उष्णतारोधक भांडी, चिनीमाती हे त्यांत मिसळू नये. त्यांची घडण वेगळी असते आणि एक तुकडाही वितळलेल्या काचेत खोड ठेवून जातो. नळीदिव्यात पारा असतो, त्याची वाट निराळी. इंजेक्शनच्या कुप्या आरोग्यकेंद्राच्या व्यवस्थेत जाव्यात.

चौथी, रंग. पांढरी, हिरवी आणि तपकिरी अशा तीन राशी साठवणीच्या जागी कराव्यात. हिरव्या काचेतील रंग भट्टीत काढून टाकता येत नाही, म्हणून पांढऱ्या काचेची रास निर्मळ राहिली तर तिला मागणी राहते. ब्रिटनमध्ये बार्न्सली या गावी १९७७ मध्ये काचेच्या बाटल्यांसाठी तेथील पहिली सार्वजनिक पेटी बसवली गेली. जपानमधील कामिकात्सु या लहानशा डोंगरी गावाने २००३ मध्ये शून्य-कचऱ्याचा संकल्प सोडला आणि तेथील लोक ४५ प्रकारांत वर्गीकरण करू लागले. आपल्याला तर तीनच राशी करायच्या आहेत.

पाचवी, हात. ज्या व्यक्ती हे काम करतील त्यांना जाड हातमोजे, बूट आणि चाकांची गाडी मिळालीच पाहिजे. काम करणाऱ्याचे वेतन काचेच्या विक्रीवर अवलंबून ठेवू नये, कारण त्या विक्रीतून फारसे मिळणार नाही हे आधीच मान्य केलेले बरे. पंचायतीने, घरांनी आणि या गावात खोल्या व खाद्यगृहे चालवणाऱ्यांनी मिळून हा खर्च उचलावा; ज्याच्याकडे काच अधिक, त्याचा वाटा अधिक. गोळा झालेली काच कोरड्या जागी साठवून पूर्ण गाडीभर झाली की शेजारच्या गावांबरोबर एकत्र पाठवावी. पालये, हरमल आणि केरी एकत्र आले तर गाडी लवकर भरेल.

राज्याचे धोरणही याला अनुकूल होत आहे. गोवा सरकारने २०२४ मध्ये वेष्टनांसाठी ठेव-परताव्याची योजना अधिसूचित केली आहे. वस्तू घेताना थोडी ठेव भरायची आणि रिकामे वेष्टन परत दिले की ती परत मिळवायची, हे तिचे तत्त्व. म्हणजे आपल्या गोटीच्या सोड्याचाच नियम. तामिळनाडूत मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२ पासून निलगिरी जिल्ह्यातील मद्याच्या दुकानांत प्रत्येक बाटलीमागे दहा रुपये अधिक घेऊन बाटली परत आणल्यावर ते परत देण्यास आरंभ झाला. जंगलात फेकलेल्या बाटल्यांनी वन्यप्राण्यांचे पाय चिरले जात होते, ही त्यामागील वेदना होती. हत्तीच्या पायाची दखल न्यायालयाने घेतली. मच्छीमाराच्या पायाची दखल आपण गावकऱ्यांनी घ्यायला हरकत नसावी.

तीन शंका

या सूचनेवर मला तीन आक्षेप दिसतात आणि ते टाळून पुढे जाणे बरे नव्हे.

पहिला : पाहुण्यांनी टाकलेली काच आम्ही का उचलावी? प्रश्न रास्त आहे. किनाऱ्याची काच हे शासनाचे आणि पर्यटन व्यावसायिकांचे उत्तरदायित्व, ते त्यांच्याकडून मागितलेच पाहिजे. परंतु ज्या गावाची स्वतःची घरे नेमाने काच परत करतात, त्या गावाच्या मागणीला वजन येते. स्वतःचे अंगण झाडलेल्यालाच वाटेवरच्या माणसाला हटकता येते.

दुसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, तो लाजेचा आहे. घरातील दारूच्या बाटल्या दाराशी ठेवल्या तर शेजारी काय म्हणतील? मला वाटते, आपल्या झुडपांत आणि ओहोळांत सापडणाऱ्या निम्म्याहून अधिक काचेचे मूळ या लाजेत असावे. दिवसा जी बाटली दाखवायची नाही, ती रात्री दूर जाऊन टाकायची. मद्यपानाविषयी माझी मते कठोर आहेत. ती मी अन्यत्र मांडली आहेत आणि आज मांडणार नाही. काच गोळा करणाऱ्याने बाटली मोजू नये, तिची चिठ्ठी वाचू नये, कोणाच्या घरातून काय आले याचा शब्दही काढू नये. गोणीचे तोंड बांधलेले असावे. पोस्टमन पाकीट फोडत नाही, तसा हा नियम पाळला गेला तरच बाटली रात्रीऐवजी सकाळी घराबाहेर येईल. व्यसनाशी लढा जरूर द्यावा. पण लाजेच्या भीतीने बाटली शेतात गेली तर व्यसन कमी होत नाही, एक पाय मात्र कापला जातो.

तिसरा आक्षेप पालकांचा : शाळेतील मुलांना बाटल्या उचलायला लावणार काय? मुळीच नाही. मुलांच्या हाती काच देऊ नये, ते मोठ्यांचे काम. मुलांनी वाड्यावाड्यांच्या सूचना सुवाच्य अक्षरात लिहाव्यात, आदल्या दिवशी घरोघर आठवण द्यावी, आणि किती वजन गोळा झाले याची नोंदवही ठेवावी. वर्षअखेर त्या वहीवरून गणिताच्या तासाला आलेख काढावेत, मराठीच्या तासाला अहवाल लिहावा. खरे आकडे घेऊन लिहिलेला अहवाल हा काल्पनिक निबंधापेक्षा कितीतरी चांगला भाषाभ्यास आहे, हे मी चार दशकांच्या अध्यापनानंतर खात्रीने सांगू शकते.

माजी विद्यार्थ्यांना माझे एक स्वतंत्र निवेदन आहे. आपल्यापैकी अनेक जण पणजी, मुंबई, पुणे, आखात आणि युरोप येथे स्थिरावले आहेत. तेथे आपण नियमाने वर्गीकरण करता, कारण तेथे व्यवस्था आहे. गावी आल्यावर ‘येथे काही होत नाही’ असे म्हणून हळहळता. त्या हळहळीचे रूपांतर वर्गणीत करावे. एक गाडी, काही हातमोजे, साठवणीच्या जागेवर एक छप्पर आणि पहिल्या वर्षाचे वेतन, एवढ्यासाठी लागणारी रक्कम ही पिढी सहज उभी करू शकेल. पैसा फंडाच्या काळी माणसे आपल्याहून गरीब होती.

श्रोतेहो, मोठ्या क्रांतीचे आवाहन करण्याचे माझे वय नाही आणि विषयही नाही. महिन्यातला एक रविवार, एक गोणी, तीन राशी आणि न बोलता काम करणारे दोन हात, इतकेच मागणे आहे. पंचायतीने येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, संस्थेने नोंदवही द्यावी आणि पहिला रविवार पावसाळा सुरू होण्यापूर्वीचा असावा, म्हणजे लावणीला उतरणाऱ्यांना या वर्षीच त्याचा लाभ होईल.